सरी साडेतीन फुटांची की साडेचारची? निपाणी भागातल्या एका ऊसतोडीचा हिशेब

कर्नाटकातल्या, सीमेवरच्या निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठी दोघा भावांचं पावणेचार एकर रान आहे. सगळा ऊस. रान एका तुकड्यात नाही. नदीलगत दोन एकर मळी, वरच्या अंगाला विहिरीचं एक एकर, आणि दुसऱ्यांच्या बांधांवरून वाट काढत जावं लागतं ते आतलं तीस गुंठे. २०२५-२६ च्या गळीत हंगामात मळीतला ऊस मशीननं तोडला आणि बाकीचे दोन तुकडे कोयत्यानं तोडणाऱ्या मजुरांच्या टोळीनं. लावण एकाच महिन्यातली, जुलै २०२४ ची आडसाली, म्हणजे दीड वर्षाची. जात एकच, ८६०३२. कारखानाही एकच. मशीन परवडतं की कोयता, हा वाद पारावर रोज चालतो, पण दोन्हींचा हिशेब एकाच घरच्या एकाच वहीत सहसा मिळत नाही. इथं तो मिळाला म्हणून सविस्तर मांडतोय. घराचं, गावाचं, कारखान्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, आणि आकडे डोक्यात बसावेत म्हणून गोल केलेत.

हा पट्टा मूळचा तंबाखूचा. निपाणीचं नाव झालं ते तंबाखू आणि विडीमुळं. पुढं काळम्मावाडी धरणाचं पाणी दूधगंगेतून खाली आलं, नद्यांवर मोटारी बसल्या आणि तंबाखूची रानं एकेक करून उसाखाली गेली. तंबाखूला लागणारी माणसं गावातलीच असायची. उसाची तोड मात्र मोठ्या प्रमाणात बाहेरच्या हातांवर उभी राहिली. बीड, परभणी, अहिल्यानगरकडच्या टोळ्या आणि आपल्याच विजयपूर-बागलकोटकडची माणसं. गावटोळ्या होत्या, अजूनही थोड्या आहेत. पण गावातली तरणी पोरं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, गोकुळ शिरगावात, नाहीतर बेळगावात उद्यमबागेच्या फाउंड्रीत जातात. कोयता धरणारा पन्नाशीच्या आतला माणूस गावात शोधावा लागतो.

टोळीचं अर्थकारण समजून न घेता मशीनचं बोलण्यात अर्थ नाही. ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला कारखान्याकडून आगाऊ रक्कम घेतो, ती टोळीच्या मुकादमाला देतो, मुकादम ती जोड्यांना उचल म्हणून वाटतो. टोळी आलीच नाही, किंवा अर्ध्या हंगामात रातोरात निघून गेली, तर ट्रॅक्टरवाला बुडतो. सीमाभागात अशानं ट्रॅक्टर विकावे लागलेली घरं गावोगाव आहेत. दुसऱ्या बाजूला तोडणाऱ्याचा हिशेब बघा. महाराष्ट्रात जानेवारी २०२४ च्या करारानं तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला, म्हणजे चौतीस टक्के वाढ. माणसं त्याच गावांतून येतात, त्यामुळं सीमेच्या अलीकडंही त्यांच्या डोक्यात तोच आकडा असतो. नवराबायकोची जोडी दिवसाला अडीच टन तोडते असं धरलं तर रोजचे ९१५ रुपये होतात, दोघांचे मिळून. चार महिने एकही खाडा न करता राबलं तर १,०९,८०० रुपये. उचल साधारण तेवढ्याच घरात गेलेली असते. म्हणजे हंगाम संपतो तेव्हा जोडीच्या हातात काय राहतं, तर पुढच्या वर्षाची उचल.

म्हणून फडात शिरण्याआधी शेतकऱ्याकडं खुशाली, म्हणजे दरावरची रोख रक्कम, मागितली जाते. शेतकरी चिडतो, टोळीला लुटारू म्हणतो. मला ते पटत नाही. जी मजुरी दरात यायला हवी ती आली नाही, म्हणून ती बांधावर रोखीनं वसूल होते, आणि त्या पैशाची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. शेतकऱ्याच्या बिलात तोडणी-वाहतुकीची कपात दिसते, खुशाली दिसत नाही.

आता वही उघडू. दर कोणता धरायचा? २०२५ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्याच्या मूडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला ३५०० रुपयांसाठी रस्त्यावर बसले आणि शेवटी तोडणी-वाहतूक वगळून ३३०० वर तडजोड झाली, तेव्हापासून जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी ३३०० बसलेत. उसातून साखर किती निघते त्या उताऱ्याप्रमाणं प्रत्यक्षात खालीवर होतं, पण इथं तोच धरू.

विहिरीच्या एकरात टोळीनं ४२ टन ऊस तोडला. टोळीला खुशाली सहा हजार. ट्रॅक्टरच्या तीन खेपा झाल्या, दर खेपेला चालकाच्या हातात द्यायची एंट्री चारशे, म्हणजे बाराशे. एकूण ७,२०० रुपये. टनामागं १७१.

मळीत मशीननं ९० टन तोडला. खुशाली नाही. मशीनच्या चालकाला चहापाणी दिलं ते वेगळं, त्याचा आकडा कुणी मांडत नाही. पण मशीनच्या उसाबरोबर पाला-पाचट, माती जाते म्हणून कारखाना वजनातून पाच टक्के कापतो. ९० टनांचे साडेचार टन गेले. ३३०० नं १४,८५० रुपये. टनामागं १६५.

टनाला सहा रुपयांचा फरक. थोरला भाऊ वही मिटून म्हणाला, "मग भांडतोय कशापायी?" तोडणीचा दर टोळीचा किती आणि मशीनचा किती, हा प्रश्न त्यांच्यापुरता येतच नाही, कारण हा कारखाना दोन्हींसाठी सरासरीनं एकच कपात करतो. मशीन स्वस्त पडलं तर तो फायदा आधी कारखान्याचा. वजावटीचंही तेच. पंखे नीट चालले, ऊस उभा असला, रान कोरडं असलं तर गाडीत पाला खरंच पाच टक्के असतो का? ते गाडीगणिक मोजलं जात नाही. सरसकट टक्का लावणं कारखान्याला सोपं जातं आणि स्वच्छ माल देणाऱ्याला त्यात काहीच मिळत नाही. महाराष्ट्रातही या वजावटीवरून बरीच ओढाताण झाली ती याचसाठी.

दोघा भावांचं हे चाललेलं असताना वहिनी गोठ्यातून आत आल्या आणि त्यांनी विचारलं, "वाडं कुणी धरलंय का ह्यात?"

वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांची वैरण. कुणीच धरलं नव्हतं. घरात दोन म्हशी, एक गाय. टोळी तोडते तेव्हा शेंडे वेगळे पडतात, त्यांच्या पेंढ्या बांधल्या जातात. टोळी आपल्या बैलांना नेते, थोडं विकते, मालकाच्या वाट्याला यायचं ते येतं. त्या काळात वैरणीला पैसा पडत नाही. मशीन शेंडा वरच्या वर छाटून सरीत फेकतं आणि त्यावर पाचटाचा थर पडतो. मळीची तोड झाली त्या दिवशी वहिनी आणि शेजारची एक बाई पाल्याखालून वाडं ओढायला गेल्या होत्या. तासाभरात एक भारा निघाला, तोही मातीनं भरलेला. म्हशीनं तोंड लावलं नाही. मग विहिरीच्या रानात टोळी येईपर्यंत दीड महिना विकतची वैरण. दिवसाला दीडशेनं ६,७५० रुपये. हा आकडा घातला की मशीनचा टनामागचा खर्च १६५ वरून २४० वर जातो. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात खरी नोंद हीच, कारण मशीनच्या जाहिरातीत आणि कारखान्याच्या शेतकी मेळाव्यात दोन्हीकडं ती नसते.

असं असूनही धाकटा पुढच्या लावणीला मशीनचाच हट्ट धरून बसलाय. त्याचं कारण टनाच्या दरात नाही, तारखांत आहे.

मळीतला ऊस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. विहिरीचा गेला जानेवारीच्या अखेरीला. कारखान्याच्या तोडीच्या क्रमपाळीनं दोन्हींची नोंद लागोपाठची होती. टोळी मात्र आज येते, उद्या येते करत सात आठवडे लांबली. तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयला फोन, शेतकी ऑफिसला हेलपाटे, मुकादमाच्या खोपीवर रात्रीची फेरी, हे सगळं झालं. तोवर विहिरीच्या उसाला तुरा आला होता, बांधाकडच्या उसात दशी पडली होती, म्हणजे तो आतून पोकळ व्हायला लागला होता. वजन किती घटलं ते सिद्ध करता येत नाही. मळीत एकरी ४५ टन निघाले आणि इथं ४२, पण मळीची माती भारी आहे, त्यामुळं तीन टनांचा दोष उशिरावर टाकणं बरोबर नाही. खोडव्याचं, म्हणजे तुटलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाचं, मात्र उघड दिसतं. पंधरा फेब्रुवारीच्या आत तुटलेल्याच उसाचा खोडवा ठेवावा असं कृषी विद्यापीठवाले सांगत आलेत. मळीचा खोडवा थंडी सरताना फुटून वर आला, पहिलं खत, पहिलं पाणी वेळेवर मिळालं. विहिरीचा खोडवा काठावर बसला आणि उन्हाच्या तोंडी सापडला. आतल्या तीस गुंठ्यांना तर टोळी फेब्रुवारीच्या मध्याला पोचली. तिथं खोडवा न ठेवता मोडून टाकावा का, यावर घरात दोन मतं आहेत.

दुसरं कारण पाचटाचं. टोळीनंतर पाचट गोळा करून पेटवायची सवय अजून सुटलेली नाही. मशीन पाचट रानभर बारीक करून पसरतं, त्यामुळं मळीत ते पेटवायचा विषयच निघाला नाही. ओल टिकली, एक पाणी कमी लागलं असं धाकट्याचं म्हणणं. बुडखेही जमिनीलगत छाटले गेले. टोळीचा कोयता घाईत वीत-वीत वर बसतो, मग बुडखे छाटायला वेगळे मजूर लागतात.

मशीन प्रत्यक्ष कसं चालतं ते जवळून पाहिलं की त्याच्या मर्यादाही कळतात. मळीत सकाळी सातला दव असतानाच सुरुवात झाली. पुढचे दोन फिरते शंकू पडलेला ऊस उचलून आत घेतात, खालच्या चकत्या बुडातून कापतात, रोलर तो ओढून तुकडे करतात, पंखा पाला बाहेर फेकतो आणि वीतभराच्या कांड्या पट्ट्यावरून बाजूच्या ट्रॉलीत पडतात. पाचव्या सरीत मशीन एकदम कुंथलं. ठिबकची एक नळी गोळा करायची राहून गेली होती, ती रोलरला गुंडाळली. चालक खाली उतरला, पान्हा आणि कोयती घेऊन आत वाकला, आणि दीड तास नळीचे तुकडे ओढत बसला. मशीनबरोबर आलेला पोरगा शेतकऱ्याकडं बघत होता, शेतकरी आभाळाकडं. शेवटी बांधालगतच्या दोन सऱ्या आणि विजेच्या डांबाच्या ताणाभोवतीचा ऊस हातानंच तोडावा लागला. तो कुणी तोडला? घरच्यांनी. त्याची मजुरीही वहीत नाही.

तुटलेल्या कांड्यांना दोन्हीकडून तोंड उघडं असतं, त्यामुळं रस लवकर आंबतो. अख्ख्या उसाची मोळी कारखान्याच्या यार्डात एखादा दिवस थांबली तरी चालवून घेतात, कांड्यांची ट्रॉली थांबून चालत नाही. म्हणून यार्डात तिला आधी सोडतात. मशीनच्या बाजूनं हे एक पडतं. पण गव्हाण, म्हणजे ऊस गाळपाला आत नेणारा पट्टा, बंद पडली तर कारखाना मशीनच आधी थांबवतो, आणि अर्धवट तुटलेलं रान तसंच राहतं.

मग मशीन सगळ्यांकडं का जात नाही? इथं मशीनमालकाच्या बाजूनं बसून आकडे मांडायला हवेत. मशीनची किंमत कोटीच्या घरात. अनुदान वजा जाता ६५ लाखांचं कर्ज राहिलं असं धरू. पाच वर्षांत फेडायचं तर व्याजासकट वर्षाला सतरा लाखांच्या आसपास भरावे लागतात. हंगामात १२० दिवस चाललं आणि दिवसाला शंभर टन तोडले तर १२,००० टन. टनामागं हप्ता १४२ रुपये. हेच मशीन वीस-वीस गुंठ्यांच्या तुकड्यांत फिरवलं, दर तासाला बांध ओलांडला, वाटेत कुणाच्या उभ्या पिकाची भरपाई केली, तर दिवसाला साठ टनही होत नाहीत. साठ धरले तरी ७,२०० टन, आणि हप्ता टनाला २३६. डिझेल, ब्लेड, चालक-मदतनीस, ट्रॉली ओढणारे ट्रॅक्टर अजून यायचेत. त्यामुळं मशीनवाला आतल्या तीस गुंठ्यांकडं बघतही नाही. "मशीन आलं की टोळ्या संपल्या" असं म्हणणाऱ्यांनी आपल्या भागातले सातबारे आणि पहाणीपत्रकं एकदा उघडून बघावीत. वाटण्या होऊन होऊन तुकडे एवढे बारीक झालेत की मशीनला वळायला जागा नाही. वळण्यासाठी दोन्ही टोकांना बारा-पंधरा फूट मोकळे सोडा म्हणतात. वीस गुंठ्यांत तेवढी जागा सोडल्यावर ऊस लावायचा कुठं?

धाकट्याचा मेहुणा कोडगूत एका कॉफीच्या मळ्यावर रायटर आहे, म्हणजे मजुरांची हजेरी आणि तोडीचं वजन लिहिणारा. तो सुट्टीला आला तेव्हा मशीनचा विषय निघाला. तिकडंही मजुरांचीच ओरड. आसामकडून माणसं आणावी लागतात, फळं काढायची मजुरी हाच खर्चाचा मोठा वाटा. ब्राझीलमध्ये कॉफीच्या ओळीवरून चालणारी मशीनं आहेत. ती झाड दोन्हीकडून हलवतात आणि फळं पाडतात, पिकली-कच्ची मागाहून वेगळी करतात. तिथं सपाट माळ आणि उघड्यावरची सरळ ओळ. कोडगू-चिक्कमगळूरला उतार, वर सिल्व्हर ओकची सावली, त्या झाडांवर मिरीचे वेल. त्यातही अरेबिकाची फळं एकदम पिकत नाहीत, तीन-चार फेऱ्या करून लाल तेवढीच काढावी लागतात. मशीनला तिथं शिरायला वावच नाही. मेहुण्याचं म्हणणं असं, की मशीन हवं तर आधी मळाच उपटून नवा लावावा लागेल, आणि सावली काढली तर कॉफीची चव आणि मिरीचा पैसा दोन्ही जाणार. उसाला पिकल्या-कच्च्याची भानगड नाही, अख्खा फड एकदम तोडायचा असतो. त्या मानानं आपलं सोपं. पण रान मशीनजोगं करायचं काम इथंही तोडीच्या वेळी होत नाही. ते लावणीला सरी सोडताना करावं लागतं.

मळीत सरी साडेचार फुटांची होती, विहिरीच्या रानात साडेतीनची. या एका फुटावर दोन्ही तुकड्यांची दीड वर्षानंतरची तोड ठरून गेली. साडेतीन फुटांच्या सरीत मशीन घातलं तर त्याचं एक चाक किंवा ट्रॉलीचं चाक वरंब्यावर चढतं आणि बुडखा चिरडतो. कित्येक टनांचं मशीन, वर भरलेली ट्रॉली. भारी काळ्या रानात ओल असताना ते चाक फिरलं की त्या ओळीचा खोडवा गेला म्हणून समजा. पावसाळा लांबला तर साडेचारच्या सरीतही हे होतं.

थोरल्याची हरकत वेगळी. एकरात साडेतीन फुटी सरी सोडली तर ओळीची लांबी १२,४४६ फूट भरते, साडेचारला ९,६८०. बावीस टक्के ओळ कमी. "एवढं रान मोकळं सोडून टनेज कसं पडणार?" हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. उत्तर मळीनंच दिलंय: हवा-ऊन खेळलं, ऊस जाड पडला, मर कमी झाली, आणि सुरुवातीच्या तीन महिन्यांत मधल्या पट्ट्यात भुईमूगही निघाला. पण मळी आहे म्हणून हे झालं, असं थोरला म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही. हलक्या मुरमाड रानात साडेचार फूट सोडून फुटवा धरला नाही तर वजन घटतंच. मशीनसाठी सरसकट रुंद सरी करा असं मी त्या रानवाल्याला सांगणार नाही.

या घरानं काय ठरवलं? मळीचा खोडवा मशीनलाच. विहिरीच्या रानात खोडवा गेला की नवी लावण साडेचार फुटांची, आणि ठिबकच्या नळ्या तोडीच्या आठ दिवस आधी गोळा करायच्या. शेजारच्या दोघांशी बोलणं झालंय. तिघांचे तुकडे लागून आहेत, मिळून चार एकर भरतात. तिघांनी एकाच पंधरवड्यात, एकाच दिशेनं सऱ्या सोडून लावण केली आणि कारखान्याकडं नोंद एका तारखेची घातली तर मशीनवाल्याला एका जागी पावणेदोनशे टन मिळतात. मधले दोन बांध काढायचे की मशीनपुरते टोकाला फोडायचे, यावर घोडं अडलंय. बांधावर एकाचं आंब्याचं झाड आहे, दुसऱ्याच्या मते बांध आधीच हातभर त्याच्या रानात सरकलेला आहे, आणि मोजणी आणायला कुणी तयार नाही.

आतले तीस गुंठे टोळीकडंच राहणार. त्यासाठी थोरल्यानं मुकादमाशी आत्तापासून संबंध ठेवलेत. दिवाळीत त्याच्या खोपीवर फराळाचा डबा जातो. वैरणीसाठी वहिनींनी मळीच्या कडेचे पाच गुंठे मागून घेतलेत, तिथं हत्तीगवत लागलंय. त्या पाच गुंठ्यांतला ऊस बुडाला तो आता वहीत मशीनच्या पानावर, खर्चाच्या बाजूला लिहिलेला आहे.